गरीब वस्तीतल्या मुलांसाठी उन्हाळी वैद्यकीय शिबिर : उपयोग होतो का हो खरंच?

सूक्ष्मदर्शी
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज गरज पडली म्हणून धागा काढतेय.

मी अमेरिकेत एका मोठ्या शहरातल्या रुग्णालयाच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. रुग्णालयाच्या आजूबाजूची वस्ती बहुतांश कमी उत्पन्नाची, काळ्या आणि लॅटिनो कुटुंबांची. शाळेत जवळजवळ सगळ्याच मुलांना जेवण सरकारी योजनेतून मिळतं. या शाळांमधल्या नववी ते अकरावीच्या मुलांसाठी यंदा दोन आठवड्यांचं उन्हाळी शिबिर घ्यायचं ठरलंय. साधारण पंचवीस मुलं. समितीत मला घेतलंय, कारण ज्या मीटिंगला बाकीचे आले नाहीत तिला मी गेले.

कच्चा आराखडा असा आहे: पहिल्या दिवशी मुलांना छोटे पांढरे कोट, मग रोज दोन डॉक्टरांची भाषणं, मधल्या एका दिवशी रुग्णालयाची फेरी, शेवटी प्रमाणपत्रं आणि फोटो. हे मुलांपेक्षा आमच्या वार्षिक अहवालासाठीच चाललंय असं मला वाटतं. पण मीटिंगमध्ये नुसतं 'हे नको' म्हणून भागत नाही, 'मग काय हवं' तेही सांगावं लागतं. तर:

अशा शिबिरांनी खरंच काही फरक पडतो का? आणि दोन आठवड्यांत ठेवण्यासारखं काय, टाळण्यासारखं काय? कोणी मुलांबरोबर काम केलं असेल तर सविस्तर लिहा.

चक्रमादित्य
पहिला!
कोट मात्र हवेतच. त्याशिवाय देणगीदारांना फोटोत मुलं कोणती ते कसं कळणार?

हेमांगी_क
मी सरकारी हायस्कूलमध्ये रसायनशास्त्र शिकवते, अशाच वस्तीत. मोठा प्रतिसाद होणार आहे, माफी असावी.

काय शिकवायचं हा प्रश्न नंतरचा. मुलं येऊ शकतील का, हा पहिला. आमच्याकडे दरवर्षी चकचकीत माहितीपत्रकं येतात, 'मोफत' असं मोठ्या अक्षरांत लिहिलेली. सोळा वर्षांच्या मुलीला मोफत परवडत नाही हो! उन्हाळा म्हणजे तिची कमाई. ती दुकानात गल्ल्यावर बसते, नाहीतर आईची शिफ्ट असते म्हणून घरी धाकट्या भावंडांकडे बघते. माझ्या वर्गातल्या सगळ्यात तल्लख मुलीने एका नामांकित शिबिराला नाही कळवलं ते ह्याच कारणाने. आयोजकांनी तिच्या नावापुढे 'रस नाही' अशी नोंद केली. मला त्या दोन शब्दांचा अजून राग आहे.

तेव्हा मानधन द्या. उपकार म्हणून नको, कामाचे पैसे म्हणून. अमेरिकन केमिकल सोसायटीचा प्रोजेक्ट सीड १९६८ पासून हेच करतो आहे: गरीब घरातल्या हायस्कूलच्या मुलांना उन्हाळ्यात खऱ्या प्रयोगशाळेत काम आणि त्याबद्दल पैसे. कोविडच्या लशीवर काम केलेल्या किझमेकिया कॉर्बेट शाळेत असताना त्यातूनच गेल्या.

दुसरं, तुमचे फॉर्म. मला एकदा आलेला फॉर्म नऊ पानी पीडीएफ होता. छापायचा, भरायचा, स्कॅन करायचा. घरात प्रिंटर कोणाकडे आहे? त्यात एक रकाना पालकांच्या सोशल सिक्युरिटी नंबरचा, म्हणजे इथल्या सरकारी ओळख क्रमांकाचा. ज्यांच्याकडे कागदपत्रं नाहीत असे पालक तो रकाना बघून फॉर्म तसाच मागे ठेवतात, आणि मुलगी मला सांगते, 'मिस, मी विसरले.' तो रकाना कशासाठी होता ते आयोजकांनाही सांगता आलं नाही. तुमच्या फॉर्ममध्ये असेल तर आजच काढा. पालकांचं पत्र स्पॅनिशमध्येही हवं आणि ते माणसाने वाचून तपासलेलं हवं.

बसचा पास आणि जेवण हे तर धरूनच चालते.

उंटावरचा
'रस नाही' वाचून डोकंच फिरलं. हेमांगीताई, लिहीत राहा.

डॉ. खडूस
मी विरोधी सूर लावतो, सवयीप्रमाणे.

अशा शिबिरांत मी बरीच वर्षं भाषणं दिली आहेत. फरक पडताना फारसा पाहिला नाही. गणित मांडा. हायस्कूलनंतर चार वर्षं कॉलेज, मग चार वर्षं मेडिकल, मग किमान तीन वर्षं रेसिडेन्सी (रुग्णालयातलं प्रत्यक्ष प्रशिक्षण), सर्जरीत पाच किंवा अधिक. कर्ज काढून शिकलेल्या डॉक्टरच्या डोक्यावर बाहेर पडताना सुमारे दोन लाख डॉलर असतात. या वाटेवर मूल गळतं ते कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या रसायनशास्त्रात, आणि तिथे गळतं कारण आठवीत बीजगणित धड झालेलं नसतं. सोळाव्या वर्षी दोन आठवडे स्टेथोस्कोप हातात देऊन त्यातलं काय दुरुस्त होणार?

हे केवळ माझं मत नाही. अमेरिकन मेडिकल कॉलेजांच्या संघटनेने १९९१ मध्ये '२००० पर्यंत ३०००' असा संकल्प सोडला होता. मेडिकलला प्रवेश घेणाऱ्या वंचित गटांतल्या विद्यार्थ्यांची वर्षाची संख्या तीन हजारांवर न्यायची. चांगली माणसं, चांगला हेतू, शाळांशी भागीदारी वगैरे सगळं होतं. २००० साल आलं आणि गेलं, आकडा गाठला गेला नाही.

शिबिरातून फोटो तयार होतात. डॉक्टर तयार व्हायला दहा-पंधरा वर्षं कोणीतरी मागे उभं राहावं लागतं.

चक्रमादित्य
डॉक्टरसाहेब आयडीला जागले.

रातकिडा
इथे सगळे 'डॉक्टर, डॉक्टर' का करताहेत? मी रेस्पिरेटरी थेरपिस्ट आहे, म्हणजे पेशंटच्या श्वासाचे उपचार बघणारा, रात्रपाळीचा. रुग्णालय काय फक्त डॉक्टरांवर चालतं? ईसीजी, एक्सरे, फार्मसी, रक्त घेणारे, डायलिसिस, नर्सिंग, लॅब (धागाकर्तीला विचारा). मुलांना यातलं काहीच माहीत नसतं, कारण टीव्हीवर ऑपरेशनपासून झाडूपर्यंत सगळं डॉक्टरच करताना दाखवतात.

एक जुनी गोष्ट सांगतो, माहीत नसेल तर जरूर शोधून वाचा. पिट्सबर्गच्या हिल डिस्ट्रिक्ट या काळ्या वस्तीत १९६७ मध्ये फ्रीडम हाउस अँब्युलन्स सेवा सुरू झाली. तोवर तिथे फोन केला की पोलिसांची गाडी यायची. माणसाला मागे टाकायचं आणि दवाखान्यापर्यंत न्यायचं, वाटेत उपचार वगैरे काही नाही. शहरात इतर ठिकाणी अंत्यसंस्कारवाल्यांच्या गाड्याही हे काम करत. म्हणजे पेशंट कुठेही गेला तरी गाडी तीच! सीपीआर (छाती दाबून हृदय चालू ठेवण्याचा प्रथमोपचार) ज्यांच्या नावाशी जोडला जातो त्या डॉ. पीटर सफार यांनी त्याच वस्तीतल्या बेकार तरुणांना घेऊन सुमारे तीनशे तासांचं प्रशिक्षण आखलं. त्यातल्या काहींनी हायस्कूलही पुरं केलेलं नव्हतं. ही माणसं अमेरिकेतल्या पहिल्यावहिल्या पॅरामेडिकपैकी, म्हणजे अँब्युलन्समध्येच उपचार करणाऱ्यांपैकी ठरली. पुढे डॉ. नॅन्सी कॅरोलाइन तिथे आल्या आणि त्यांनी लिहिलेला अभ्यासक्रम देशभर चालला. १९७५ मध्ये शहराने स्वतःची सेवा काढली आणि फ्रीडम हाउस बंद झालं.

तेव्हा 'यांचा पाया कच्चा आहे' हे वाक्य मी जरा जपून ऐकतो.

डॉ. खडूस
@रातकिडा, गोष्ट उत्तम आहे आणि मला माहीत आहे. पण धोका सांगतो. गरीब मुलांसमोर 'इतर करिअर' मांडणारे लोक स्वतःच्या मुलांसमोर ती कधी मांडत नाहीत. आपल्या पोरांना एमडी आणि त्यांच्या पोरांना बेडपॅन, हा मार्ग फार लवकर तयार होतो.

रातकिडा
बेडपॅनबद्दल असं बोलणाऱ्याने एकदा स्वतः पेशंट होऊन रात्री तीन वाजता घंटी दाबून बघावी, म्हणजे कोणाची किंमत काय ते कळेल.

असो. मुद्दा मान्य आहे, पण अर्धा. नर्सिंग असिस्टंटला केंद्र सरकारच्या नियमानुसार किमान ७५ तासांचं प्रशिक्षण लागतं. म्हणजे हायस्कूल संपतासंपता हातात कमाई येऊ शकते आणि कॉलेजचा खर्च थोडा हलका होतो. माझ्याबरोबरच्या दोन नर्सेस तिथून सुरुवात करून वर आल्या आहेत. पहिली पायरी दाखवणं वाईट नाही. तिथे पोचल्यावर वरची दिसू न देणं वाईट.

उंटावरचा
पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे. दोघंही थांबू नका.

परागकण
दोघांच्या मध्ये पडतो.

डॉ. खडूस म्हणतात तसं 'दहा वर्षं मागे उभं राहणं' काही ठिकाणी झालेलं आहे आणि त्याचे परिणामही दिसले आहेत. स्टॅनफर्डमध्ये १९८७ मध्ये दोन विद्यार्थ्यांनी आणि प्रा. मॅरिलिन विंकल्बी यांनी एक कार्यक्रम सुरू केला. मूळ स्वरूपात दरवर्षी कमी उत्पन्नाच्या घरांतली २४ मुलं, पाच आठवडे कॅम्पसवरच मुक्काम, शरीररचनेचे प्रत्यक्ष धडे, रुग्णालयातल्या वेगवेगळ्या विभागांत काम. पण त्यातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते पाच आठवड्यांनंतरचं. कॉलेजचे अर्ज, आर्थिक मदतीचे फॉर्म, पुढची वर्षं, सगळ्यात मुलांशी संपर्क ठेवलेला.

दुसरं उदाहरण मेरिलँडमधल्या यूएमबीसी विद्यापीठाचा मायरहॉफ कार्यक्रम, १९८८ चा. तो हायस्कूलचा नाही, कॉलेजचा आहे, पण डॉक्टर म्हणतात ती गळती नेमकी तिथेच रोखतात. फ्रीमन ह्राबोव्स्कींनी त्यात एक गोष्ट पक्की धरली: हुशार मुलाने एकट्याने अभ्यास करायचा नाही. कॉलेज सुरू होण्याआधीच्या उन्हाळ्यात सगळ्यांना एकत्र आणायचं आणि पुढे गटानेच अभ्यास करायचा. वर उल्लेख आलेल्या कॉर्बेट पुढे याच कार्यक्रमात होत्या. म्हणजे शाळेत प्रोजेक्ट सीड, कॉलेजात मायरहॉफ. एकाने दुसऱ्याच्या हाती दिलं.

सूक्ष्मदर्शी, तुमच्या दोन आठवड्यांकडून डॉक्टर घडवण्याची अपेक्षा ठेवू नका. पण त्यानंतर मूल कोणाच्या हाती जाणार, हे शिबिर सुरू होण्याआधी ठरवा. हे ठरत नसेल तर डॉ. खडूस बरोबर आहेत.

डॉ. खडूस
शेवटच्या वाक्याची प्रत काढून ठेवतो.

एक_तटस्थ
प्रश्न विचारतो, वाईट वाटून घेऊ नका. वस्ती बघून निवड का करायची? सरळ सगळ्या शहरातली सगळ्यात हुशार मुलं घ्या. चांगला डॉक्टर तो चांगला डॉक्टर. पेशंटला त्याच्या पत्त्याशी काय देणंघेणं?

परागकण
देणंघेणं असतं, असं अभ्यास सांगतात. कॅलिफोर्नियातल्या डॉक्टरांवरचा १९९६ चा एक गाजलेला अभ्यास आहे: जिथे डॉक्टरांची टंचाई आहे आणि काळी किंवा लॅटिनो वस्ती जास्त आहे, तिथे त्या समाजातले डॉक्टर इतरांपेक्षा जास्त प्रमाणात काम करताना दिसले. अलीकडे ओकलंडमध्ये प्रयोग झाला, २०१९ मध्ये छापून आला. काळ्या पुरुषांना चिठ्ठी टाकल्यासारखं काळ्या किंवा इतर डॉक्टरांकडे पाठवलं. काळ्या डॉक्टरशी बोलल्यावर मधुमेह, कोलेस्टेरॉल अशा तपासण्यांना जास्त लोक तयार झाले, त्यातही रक्त द्यायचं असेल तिथे फरक मोठा.

टस्कीगीत १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं शेकडो काळ्या पुरुषांचा सिफिलिस उपचार न करता नुसता 'निरीक्षणाखाली' ठेवला गेला. त्या समाजातल्या आजोबाने रक्त द्यायला नाही म्हटलं तर मला नवल वाटत नाही.

एक_तटस्थ
मुद्दा समजला. पण सुप्रीम कोर्टाच्या २०२३ च्या निकालानंतर हे कायद्यात बसतं का? वंश बघून प्रवेश आता

एक_तटस्थ
अर्धवटच पोस्ट झाला वरचा प्रतिसाद. वंश बघून कॉलेज प्रवेश आता चालत नाहीत, म्हणून विचारलं.

सूक्ष्मदर्शी
आमच्या वकिलांनी सांगितलंय: वंशाचा रकानाच नको. शाळा, घरचं उत्पन्न आणि घरात आधी कोणी कॉलेजला गेलंय का, एवढंच बघायचं. आमच्या वस्तीत त्यातून हवी ती मुलं येतातच.

कोपऱ्यातला
अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या १९१० च्या फ्लेक्सनर अहवालाचा उल्लेख अजून कसा झाला नाही? तेव्हा काळ्या डॉक्टरांची सात मेडिकल कॉलेजं होती, त्यातली पाच पुढच्या काही वर्षांत बंद पडली. उरली हॉवर्ड आणि मेहॅरी. आधी दारं बंद करायची आणि शंभर वर्षांनी 'इथून कोणी का येत नाही' म्हणून शिबिरं घ्यायची! या सगळ्यामागे कोणत्या पक्षाचं

संपादक
पुढचा भाग काढला आहे. पक्षांसाठी वेगळा धागा आहे, तिथे मनसोक्त भांडा.

कोपऱ्यातला
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

भटकभवानी
आपल्याकडे नीटची तयारी करून घेणाऱ्या संस्थांबद्दल कोणी लिहील का?

संपादक
स्वतंत्र धागा काढावा. चांगला विषय आहे, इथे हरवून जाईल.

टेम्सकाठी
इंग्लंडमधून लिहितेय. इथे लंडनच्या किंग्ज कॉलेजने २००१ पासून वेगळी वाट धरली. ज्या शाळांतून मेडिकलला फारसं कोणी जात नाही तिथल्या मुलांना थोडे कमी गुण असले तरी प्रवेश द्यायचा, आणि अभ्यासक्रम पाचऐवजी सहा वर्षांचा. सुरुवातीचा भाग सावकाश आणि जास्त मदतीसह शिकवायचा. पुढच्या परीक्षा मात्र सगळ्यांना त्याच.

मला हे पटतं, कारण यात बदलायची जबाबदारी फक्त मुलावर टाकलेली नाही. शिबिरं मुलाला दारापर्यंत आणून सोडतात. दाराची उंची कोणी बघायची?

डॉ. खडूस
टेम्सकाठी, अगदी बरोबर. अमेरिकेतही जे टिकलं ते असंच आहे. ह्यूस्टनचं डिबेकी हायस्कूल, १९७२ चं, बेलर मेडिकल कॉलेज आणि शाळाखात्याने मिळून काढलेलं, पूर्ण सरकारी शाळा. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजचा १९७३ चा सोफी डेव्हिस कार्यक्रम: हायस्कूलनंतर थेट आत घ्यायचं आणि पदवी व वैद्यकीय शिक्षण जोडून द्यायचं. २०१६ पासून ते स्वतंत्र मेडिकल स्कूल झालं. दोन्ही ठिकाणी वर्षानुवर्षं मूल नजरेखाली आहे.

उंटावरचा
पण डॉक्टर, कर्जाचं काय ते आता थोडं बदलतंय ना? एनवाययूने (न्यूयॉर्क विद्यापीठाने) २०१८ मध्ये मेडिकलची फी माफ केली. ब्राँक्समधल्या आइन्स्टाइन कॉलेजला २०२४ मध्ये रूथ गॉट्समन बाईंनी एक अब्ज डॉलर दिले, तिथेही फी नाही.

डॉ. खडूस
ब्राँक्सची बातमी वाचून मलासुद्धा बरं वाटलं, घ्या. पण फी माफ झाली की अर्जांची रांग वाढते, आणि रांगेत पुढे कोण असतं? ज्याला प्रवेशपरीक्षेची शिकवणी परवडली तो.

चक्रमादित्य
डॉक्टरांना लॉटरी लागली तरी म्हणतील, 'आता कर भरावा लागणार.'

सूक्ष्मदर्शी
सगळ्यांचे आभार, मीटिंगला हा धागा छापूनच नेते (खडूसांचे काही प्रतिसाद वगळून).

मानधनाचा मुद्दा मांडला. उत्तर आलं की कोटांचा खर्च 'प्रसिद्धी' खात्यातून आहे, तो मानधनाकडे वळवता येत नाही. आता दुसरीकडून पैसे शोधतोय.

मधल्या काळात सांगा, मुलांच्या हाताला काय काम द्यावं? खरं काम. स्ट्रॉबेरीतून डीएनए काढणं त्यांनी शाळेत केलेलं असतं.

परागकण
माझा आवडता धडा सांगतो. बोटाला लावायचा पल्स ऑक्सिमीटर. स्वस्त असतो, सुई नाही, रक्त नाही, परवानगीचे फॉर्म कमी.

आधी फक्त मोबाइलचा टॉर्च द्या. खोलीत अंधार, बोट टॉर्चवर. बोट लालभडक दिसतं. का? पांढऱ्या प्रकाशातला लाल भाग पार होतो, बाकीचा बराचसा आतच अडकतो. इथून सुरुवात. मग यंत्र उघडून दाखवा: एका बाजूला दोन दिवे, एक लाल, ६६० नॅनोमीटर, दुसरा डोळ्यांना न दिसणारा अवरक्त, ९४० च्या आसपास. तो दुसरा काही मोबाइलच्या कॅमेऱ्यातून दिसतो, मुलं तिथेच खूश होतात. ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन अवरक्त प्रकाश जास्त शोषतं, न घेतलेलं लाल जास्त शोषतं. दोन्हींच्या गुणोत्तरावरून टक्केवारी. मग मुलांना यंत्राला फसवू द्या. गडद नेलपॉलिश, बर्फाच्या पाण्यात बुडवलेला हात, सतत हलवलेलं बोट. प्रत्येकाने आकडे फळ्यावर लिहायचे.

आणि मग २०२० च्या डिसेंबरमध्ये छापून आलेला अभ्यास पुढे ठेवा. यंत्र ९२ ते ९६ टक्के दाखवत होतं, म्हणजे वरवर ठीक, पण धमनीतलं रक्त तपासल्यावर ऑक्सिजन ८८ च्या खाली निघाला, असे पेशंट गोऱ्यांमध्ये ३.६ टक्के आणि काळ्यांमध्ये ११.७ टक्के. ऐन कोविडमध्ये.

मी हे केलं तेव्हा खोली एकदम गप्प झाली आणि मागच्या रांगेतल्या एका मुलाने विचारलं, 'यंत्र बनवलं तेव्हा कोणाच्या बोटांवर तपासलं होतं?' उरलेला तास त्यानेच चालवला. दुसऱ्या गटाने तर गडद आणि फिकट त्वचेची किती माणसं घेतली असती तर फरक लक्षात आला असता, अशी मांडणीच सुरू केली. संख्याशास्त्र मी त्या दिवशी शिकवणार नव्हतो.

हेमांगी_क
परागकण, हा धडा मी चोरला आहे असं समजा.

गप्पिष्ट
हृदय कापायला देणार असाल तर मेंढीचं द्या, डुकराचं नको. आकाराने डुकराचं माणसाच्या जवळचं म्हणून लोक तेच मागवतात, पण वर्गात मुस्लिम मुलं असतात आणि ती काही न बोलता मागे उभी राहतात. ज्याला मेंढीचंही कापायचं नाही त्याला चित्र काढायचं किंवा टिपणं घ्यायचं काम द्या, चिडवू देऊ नका. आणि दारं-खिडक्या उघड्या. दरवेळी कोणीतरी चक्कर येऊन खाली बसतं, आणि दरवेळी तो वर्गातला सगळ्यात धिप्पाड मुलगा असतो!

डॉ. खडूस
सीपीआर ठेवा. दोन आठवड्यांत मी फक्त एकच गोष्ट ठेवली असती तर हीच. मिनिटाला १०० ते १२० दाब, छाती किमान पाच सेंटिमीटर खाली गेली पाहिजे. सहाच्या वर नको. मुलं पहिल्यांदा फार हळू दाबतात, माणूस दुखावेल म्हणून. दोन मिनिटं नीट केलं की घामाघूम होतात, आणि मग त्यांना कळतं की हे आळीपाळीने का करतात. हे कौशल्य त्याच दिवशी घरी जातं. मेडिकलचा प्रवेश मिळेपर्यंत थांबावं लागत नाही.

रक्तस्राव थांबवण्याचं प्रशिक्षणही द्या. 'स्टॉप द ब्लीड' ही मोहीम २०१५ पासून चालू आहे, साहित्य तयार मिळतं. फक्त एक पथ्य. तुमच्या वस्तीत गोळीबार होत असतील तर वर्गात असं मूल असणार ज्याने हे खरोखर पाहिलंय. आदल्या दिवशी सांगून ठेवा की उद्या हा विषय आहे, आणि कोणाला बाहेर जावंसं वाटलं तर कारण विचारलं जाणार नाही. शाळेचा समुपदेशक त्या दिवशी हजर हवा.

रातकिडा
खडूसराव, तुम्ही शिबिराच्या बाजूने लिहिताय, लक्षात आहे ना?

डॉ. खडूस
मी भाषणांच्या विरोधात होतो.

जुई_नाही_जाई
मी असंच एक मूल होते, म्हणून लिहिते. वडील टॅक्सी चालवायचे, आई दुसऱ्यांची मुलं सांभाळायची, दोघंही इथे नवीन. हायस्कूलमध्ये मला शहरातल्या विज्ञान संग्रहालयात पगारी काम मिळालं: प्रदर्शनाजवळ उभं राहून लोकांना समजावून सांगायचं. सॅन फ्रान्सिस्कोच्या एक्सप्लोरेटोरियमने हायस्कूलच्या मुलांकडून हे काम १९६९ पासून करून घेतलंय, पुढे इतरांनीही तशी पद्धत घेतली.

माझ्याकडे गाईच्या डोळ्याचं विच्छेदन होतं. कात्रीने कडेने कापायचं, पारदर्शक जेल बाहेर येतं, मग भिंग. ते वर्तमानपत्रावर ठेवलं की खालची अक्षरं मोठी दिसतात. लहान मुलं 'ई' करत मागे सरकायची आणि मग सगळ्यात पुढे यायची. लोक असले प्रश्न विचारायचे की रोज घरी जाऊन वाचावं लागायचं. गाईला रंग दिसतात का, माणसाचा डोळा पूर्ण बदलता येतो का. शाळेत मला कोणी उत्तर विचारलं की चुकण्याची भीती असायची. इथे माझ्याकडे बिल्ला होता, मी 'जाणकार' होते.

सूक्ष्मदर्शी, शेवटच्या दिवशी मुलांना प्रमाणपत्रासाठी रांगेत उभं करण्यापेक्षा त्यांच्या टेबलापुढे त्यांच्या घरच्यांची रांग लावा. आजीचा रक्तदाब मोजून तिला तिच्याच भाषेत समजावून सांगणारी मुलगी बघाल तुम्ही. कार्यक्रम मात्र संध्याकाळी किंवा शनिवारी ठेवा. माझे वडील दिवसा कधीच येऊ शकले नाहीत.

चक्रमादित्य
यावर विनोद सुचत नाही. +१.

एक_तटस्थ
माझंही +१. पत्त्याबद्दलचा माझा वरचा प्रश्न मागे घेत नाही, पण उत्तर मिळालं.

सूक्ष्मदर्शी
बऱ्याच दिवसांनी येतेय. काय झालं ते सांगते.

मानधन मंजूर झालं, हेमांगीताई म्हणतात तितकं नाही, पण बसपास आणि जेवण धरून बरं आहे. सोशल सिक्युरिटीचा रकाना आमच्याही फॉर्ममध्ये होता! काढला. कोट राहिले. प्रसिद्धी खात्याशी भांडायची ताकद मी मानधनावर खर्च केली. भाषणं तीनवर आली आहेत, आणि बोलणाऱ्याने मुलांसाठी काहीतरी करायचं काम घेऊन यायचं अशी अट आहे, त्यामुळे दोघांनी आपणहून माघार घेतली. त्या जागी रेस्पिरेटरी आणि रेडिओलॉजीची माणसं येतील. ऑक्सिमीटर, मेंढीची हृदयं, सीपीआर पक्कं. शेवटचा शनिवार कुटुंबांसाठी.

अडलंय ते परागकण यांच्या मुद्द्यावर. शिबिरानंतर कोण? शाळा म्हणते रुग्णालयाने बघावं, रुग्णालय म्हणतं निधी उन्हाळ्यापुरताच आहे. महिन्यातून एका शनिवारी मी लॅब उघडू शकते. गणित आणि रसायनशास्त्र नियमित घेणारं कोणी नाही.

डॉ. खडूस
गणित मी घेतो. आठवड्यातून एक संध्याकाळ, ऑनलाइन. अट एकच: सहा-सात मुलांपेक्षा जास्त नकोत, आणि ती मुलं वर्षभर तीच हवीत. भाषणाला बोलवायचं नाही.

परागकण
रसायनशास्त्र मी आणि हेमांगीताई वाटून घेऊ, त्यांना चालत असेल तर.

रातकिडा
मी जागाच असतो. रात्री गृहपाठात अडलेल्यांना माझा नंबर... नको, शाळेच्या ॲपवरूनच बोलेन. मुलांशी खाजगी फोनवर बोलायचं नाही हा नियम बरोबर आहे.

हेमांगी_क
चालेल. डॉक्टर, एक आधीच सांगते: कॅमेरा चालू करायची सक्ती करू नका. मागे एकाच खोलीत तीन भावंडं असतात आणि मुलांना ते दाखवायचं नसतं. उत्तर चॅटमध्ये लिहिलं तरी हजर धरा.

आणि सूक्ष्मदर्शी, लसीकरणाची नोंद आणि टीबीची चाचणी तुमचं रुग्णालय मागणारच. ती नोंद शाळेच्या नर्सकडे असते आणि उन्हाळी सुट्टी लागली की नर्स भेटत नाही. तेव्हा फॉर्म एप्रिलमध्ये पाठवा, मेच्या शेवटी नको. टीबीच्या त्वचाचाचणीला दोन फेऱ्या लागतात, टोचायची एक आणि दोन-तीन दिवसांनी वाचायची एक. तुमच्याच रुग्णालयातून कोणीतरी शाळेत येऊन दोन्ही वेळा करून जाईल का ते विचारा. नाहीतर पंचवीसातली आठ मुलं तिथेच गळतील.

सूक्ष्मदर्शी
हे मला सुचलंच नसतं. उद्या सकाळी कर्मचारी आरोग्य विभागात जाते. फॉर्म पुढच्या आठवड्यात पाठवते, आधी स्पॅनिश पत्र तुमच्याकडे तपासायला येईल.